इंजिनाची शिंक

टू-स्ट्रोक इंजिन सर्वांत गोड कधी चालतं, असं मालवणच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला विचारा. तो हसून सांगेल, बसायच्या आधी. आवाज मोकळा होतो, धूर दिसेनासा होतो, होडी एरवीपेक्षा हलकी पळते. यंदाचं काम झकास झालं म्हणून मालक खूश असतो. मग किनारा मागे पडल्यावर, पूर्ण थ्रॉटलवर असतानाच, इंजिन एकदम जड पडतं, कर्र आवाज करतं आणि थांबतं. दोरी ओढावी तर ती जागची हलत नाही. पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला असतो. खोलून पाहिलं तर ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला पुसलं गेलेलं, रिंगा खाचेत अडकलेल्या, प्लगचं टोक खडूसारखं पांढरं.

याचं कारण बहुधा सुईच्या अग्राएवढ्या एका भोकात सापडतं. त्या भोकातून, म्हणजे कार्बोरेटरच्या जेटमधून, इंजिनाला पेट्रोल मिळतं. भोक थोडं बुजलं, की हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी, असं पातळ मिश्रण सिलिंडरमध्ये जातं आणि उष्णता वाढते. चारचाकीच्या इंजिनात हे काही काळ खपून जाईल, कारण तिथे ऑइल वेगळं फिरत असतं. होडीच्या साध्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. पेट्रोल कमी झालं की ऑइलही त्याच मापात कमी. म्हणजे आच वाढते नेमकी त्याच वेळी वंगण आटतं. बाकी सगळं ट्यूनिंग या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि अनेक मालकांना नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते.

आधी एक खुलासा. आपल्या किनाऱ्यावरचे मोठे ट्रॉलर आणि पर्ससीनवाले डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. हा लेख लहानांबद्दल आहे. फायबरची पात घेऊन जाळं टाकायला जाणारे दोघे-तिघे, उलांडी लावलेल्या होड्या, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्ली-देवबागला पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी, स्कूबावाल्यांच्या छोट्या नावा. मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन, ज्याला सगळे ‘ओबीएम’ म्हणतात, ते यांचं पोट भरतं. त्यांतली बरीच इंजिनं अजून टू-स्ट्रोक आणि कार्बोरेटरची आहेत.

त्यांच्या दुरुस्तीचा हंगाम पावसाळ्यात येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांखाली किंवा ताडपत्रीखाली ठेवतात, इंजिनं उतरवून पडवीत खुंट्याला टांगतात. पर्यटनाच्या बोटीही पाऊस सरेपर्यंत बंद. नारळी पौर्णिमा जवळ आली की पडवीतलं इंजिन खाली येतं, आणि पहिल्याच ओढीला सुरू होत नाही.

देवबागच्या एका मिस्त्रींकडे अशी सात-आठ इंजिनं एकाच वेळी लाकडी घोडीवर लागलेली पाहिली. नाव छापायला त्यांनी नकार दिला. ‘गिऱ्हाईक माझ्या नावान नाय, कामान येतत,’ म्हणाले. इंजिन आलं की ते आधी हूड काढत नाहीत. पेट्रोलच्या नळीचं टोक काढून चार थेंब तळहातावर घेतात आणि हुंगतात. ताजं पेट्रोल नाकाला चावतं आणि हातावरून पटकन उडून जातं. दोन महिने पडलेल्याला जुन्या वॉर्निशसारखा वास येतो आणि हातावर चिकट थर राहतो. हाच थर कार्बोरेटरच्या वाटीत, जेटच्या भोकात, बारीक वाटांमध्ये सुकून बसलेला असतो. जूनमध्ये इंजिन उतरवताना नळी काढून, वाटीतलं पेट्रोल जळून जाईपर्यंत ते चालवलं असतं, तर ऑगस्टमधली निम्मी कामं उरलीच नसती. हे दरवर्षी सांगितलं जातं. दरवर्षी बंदीच्या आदल्या रात्रीपर्यंत लोक मासे पकडतात आणि दुसऱ्या दिवशी इंजिन तसंच टांगून मोकळे होतात.

कार्बोरेटर उघडला की आतला सगळा कारभार हाताच्या पंजावर मावतो. खाली वाटी. वाटीत तरंगणारा फ्लोट. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि एका टोकदार नीडलला तिच्या बैठकीत दाबून वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट उघडते. वाटीच्या वर हवेची नळी आणि त्या नळीला मध्ये कंबर. पिस्टनने ओढलेली हवा त्या अरुंद कंबरेतून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून आपोआप वर खेचलं जाऊन हवेत फवारतं. कंबरेतल्या या दाबाच्या खेळाबद्दल व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये लिहिलं, पाण्याच्या नळ्या समोर ठेवून. त्यानंतर जवळपास शतकभराने, १८९३ च्या सुमारास, हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी व जर्मनीत मायबाखने पेट्रोलचा फवारा मारणारा कार्बोरेटर जुळवला. देवबागच्या घोडीवरच्या कार्बोरेटरमध्ये त्या मूळ कल्पनेहून फारसं वेगळं काही नाही.

होडीच्या मागे टांगायचं इंजिन त्याच्या पाठोपाठ आलं. ओल इव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत मिलवॉकीला कारखाना चालवणारा कारागीर. १९०९ मध्ये त्याने आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं. होणाऱ्या बायकोसाठी वल्ही मारत तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणेपर्यंत ते वितळलं आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, ही कथा कंपनीने पुढे आवडीने सांगितली. ती अगदी तशीच घडली असेल असं मला वाटत नाही, पण जाहिरात म्हणून तिला तोड नाही. त्याच्या नावाच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. आपल्याकडच्या किनाऱ्यावर जपानी इंजिनं दिसतात, आणि केरळ-तामिळनाडूकडे त्यांची रॉकेलवर चालणारी भावंडं. ती पेट्रोलवर सुरू करायची आणि तापली की रॉकेलवर टाकायची.

साफसफाईत मिस्त्रींचा एक नियम कडक आहे. जेटमध्ये तार घालायची नाही. जेट पितळेचा, तार पोलादाची. एकदा आतबाहेर केली की भोक ओरखडतं किंवा रुंदावतं, आणि नंतर कुठलाही स्क्रू फिरवून ते मापात येत नाही. त्यांच्या हाताशी असते तंगुसाची गुंडाळी, जाळ्याला वापरतात तीच नायलॉनची. वेगवेगळ्या जाडीचे तुकडे, टोक तिरकं कापलेले. जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवायचा, सकाळी तंगूस घालायचा, मग हवेचा झोत. शेवटी जेट डोळ्याजवळ धरून त्यातून आभाळ बघायचं. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं तर पुढे जायचं. कडेला चंद्रकोरीसारखी सावली दिसली की परत बुडवायचा. नीडलच्या रबरी टोकावर फ्लोटच्या दाबाने कडी पडली असेल, तर ती बदलायचीच. नाहीतर वाटी भरून वाहते आणि इंजिन पेट्रोलने गुदमरतं. जुनी गॅस्केट परत बसवायची नाही, कारण ती कुठेतरी बारीक हवा आत घेते, आणि अशी चोरून आलेली हवा मिश्रण पातळ करते. हे सगळं धीराने केलं, तर कार्बोरेटरचं ट्यूनिंग निम्म्याहून जास्त झालेलं असतं. स्क्रूवर हात टाकायची घाई नवशिक्याला असते. घाणेरड्या कार्बोरेटरला स्क्रूने सुधारायला जाणं म्हणजे काटा टोचलेल्या पायाला नवी चप्पल घालणं.

मग स्क्रू. बाजूला एक लहान स्प्रिंगचा स्क्रू असतो, तो फक्त मंद चालीचं मिश्रण ठरवतो. पूर्ण वेगाचा हिशेब मुख्य जेटकडे असतो आणि तो स्क्रूने बदलत नाही. इथे एक मेख आहे, ती ठाऊक नसली तर सगळं उलटं होतं. काही कार्बोरेटरांत हा स्क्रू हवा मोजतो, काहींत पेट्रोल. हवेचा स्क्रू आत फिरवला की मिश्रण दाट होतं, पेट्रोलचा आत फिरवला की पातळ. साधारणपणे तो हवा आत येते त्या तोंडाकडे असेल तर हवेचा, आणि बटरफ्लायच्या, म्हणजे थ्रॉटलच्या झडपेच्या, पलीकडे, इंजिनाच्या अंगाला असेल तर पेट्रोलचा. इंजिन बदललं की मिस्त्री आधी हे पाहतात. पाहताना बोलत नाहीत.

स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यायचा. घट्ट दाबला तर त्याच्या टोकाला वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही. तिथून पुस्तकात दिला असेल तेवढा, बहुतेक वेळा एक ते दीड फेरा, बाहेर. ही झाली सुरुवात. बाकीचं काम पडवीत होत नाही.

पिंपात इंजिन बुडवून किंवा पाण्याची नळी लावून ते चालू करता येतं, सुरू होतं की नाही ते कळतं, कूलिंगचं पाणी मागून मारतं की नाही ते दिसतं. पाण्याशिवाय तर चालवायचंच नाही. पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला की बघता बघता जळतो. पण पिंपात लावलेलं ट्यूनिंग समुद्रात टिकत नाही. कारण सरळ आहे. या इंजिनाचा धूर पाण्याखालून, बहुधा होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या मधून बाहेर पडतो. धुराला पाणी किती अडवतं आणि पंख्याला पाणी किती जड जातं, यावर मंद चाल ठरते. पिंपात पंखा आपणच ढवळलेल्या फेसात फिरतो. त्यामुळे पडवीत गोड चालणारं इंजिन गिअर टाकल्यावर पाण्यात बंद पडतं, आणि मालक मिस्त्रीला शिव्या देतो.

म्हणून होडी कर्ली नदीच्या मुखाजवळ, शांत पाण्यात नेतात. दोन्ही बाजूंनी दोर बांधतात. इंजिन दहा मिनिटं चालवून तापवतात, मग गिअर पुढे टाकून मंद चालीवर ठेवतात. होडी दोरांवर ताणून उभी राहते. मिस्त्री मागच्या फळीवर ओणवे, हातात आखूड स्क्रू-ड्रायव्हर. त्या दिवशी स्क्रू पेट्रोलचा होता. थोडा आत. थांबायचं. आणखी थोडा आत. थांबायचं. दोर धरून बसलेला त्यांचा शिकाऊ पोरगा अधीर झाला.

‘मिस्त्रीनू, फिरवा ना आणखी.’

‘थांब रे. घाय नको. तेका कळाक येळ लागता.’

आणि खरंच वेळ लागतो. स्क्रू फिरल्यापासून बदललेलं मिश्रण क्रँककेसमधून वर जाऊन इंजिनाच्या चालीत दिसेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. जो थांबत नाही तो पुढे निघून जातो आणि मग मागे येतो, मग परत पुढे. तिसऱ्या वेळी स्क्रू आत गेला आणि इंजिनाने कार्बोरेटरच्या तोंडातून एक कोरडी ‘ठप्’ टाकली, नेमकी शिंकेसारखी. ही पातळपणाची हद्द. मिश्रण इतकं पातळ झालं, की ज्योत पुढच्या फेऱ्यापर्यंत रेंगाळते आणि उलट्या वाटेने बाहेर भडकते. इथून स्क्रू उलटा. चाल सुधारते, आवाज एकसारखा होतो, मग हळूहळू जड आणि लडखडत, धुराच्या गाठी सोडत चालू लागतं. ही दाटपणाची हद्द. दोन्हींच्या मध्ये जिथे फेरे सर्वांत वर आणि एकसारखे, तिथे मिस्त्री थांबले. मग तिथून स्क्रू पाव फेऱ्याहून कमी, अर्ध्या पावाएवढा, दाटाच्या बाजूला परत ढकलला.

का, असं मी विचारलं. त्यांनी डोळे वर न करताच सांगितलं, ‘जास्ती पेट्रोल खाल्ल्यान तरी चलात. उपाशी नको.’

त्यानंतर थ्रॉटल एकदम उघडला. एकदम उघडल्यावर हवा लगेच धावते आणि पेट्रोल क्षणभर मागे राहतं. त्या क्षणाला इंजिन शिंकलं, तर मंद चालीचं मिश्रण अजून पातळच आहे असं समजायचं. ते शिंकलं नाही. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून खिशात टाकला.

दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर असतील तर आणखी एक काम असतं. दोन्हींचे बटरफ्लाय एकाच क्षणी उघडायला हवेत. मधली काडी ढिली झाली की एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओढला जातो. थ्रॉटलसोबत ठिणगीची वेळही पुढेमागे होते, तो दुवाही जागेवर लागतो. याचे तपशील इंजिनागणिक वेगळे आणि वाचायला रुक्ष आहेत. त्यासाठी त्या-त्या मॉडेलचं पुस्तक हवं, ऐकीव ज्ञान चालत नाही.

मुख्य जेटची परीक्षा उघड्या समुद्रात. रोज जेवढा भार असतो तेवढाच भरायचा. जाळं नेणारी होडी जाळं घेऊन, स्कूबाची बोट सिलिंडर आणि माणसं घेऊन. पूर्ण थ्रॉटल. फेरे कारखान्याने दिलेल्या मर्यादेत, बहुतेक इंजिनांत साडेचार ते साडेपाच हजारांच्या दरम्यान, यायला हवेत. फार खाली राहिले तर पंखा जड आहे, फार वर गेले तर हलका आहे. हा दोष कार्बोरेटरचा नसतो, तरी तो कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. मग वेगात असतानाच किल-स्विच ओढून इंजिन बंद करायचं, पुन्हा मंद चालीवर आणायचं नाही, आणि प्लग काढून बघायचा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर ठीक. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा दिसला तर होडी वल्हवत परत आणा, पण इंजिन त्या जेटवर पुन्हा चालवू नका.

ऑइलबद्दल कंजुषी फार दिसते. स्कूटरचं टूटी स्वस्त पडतं म्हणून होडीत ओततात. स्कूटरचं इंजिन हवेने थंड होतं, खूप तापतं, आणि त्याच्या ऑइलमधले रासायनिक घटक जळून राख सोडतात. होडीचं इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होतं, कमी तापतं. त्याला राख न सोडणारं ऑइल लागतं, डब्यावर टी-सी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं. दुसरं वापरलं तर प्लग, रिंगा आणि धुराची वाट भरत जाते. इंजिन दोन वर्षं आधी खोलावं लागलं, तर वाचलेले पैसे तिथेच गेले.

आता पेट्रोलकडे येऊ. मालवणच्या मिस्त्र्यांचा यंदाचा सगळा राग त्यावर आहे.

उसाच्या मळीपासून आणि धान्यापासून बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचं धोरण जुनं आहे, पण वेग अलीकडे आला. दहा टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला. वीस टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं, आणि २०३० चं मूळ लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच वीस टक्क्यांची पातळी गाठली गेली. त्यावर गाडीवाल्यांनी भरपूर आरडाओरडा केला, बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मिळावा यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. या सगळ्या वादात मायलेज, विमा, जुन्या गाड्या यांवर रकाने भरले. होडीचं नाव कुठेच आलं नाही. जणू पेट्रोल फक्त रस्त्यावरच जळतं.

हिशेब असा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे त्याला फक्त ९ किलो पुरते. ई-२० ला म्हणून साडेतेराच्या आसपास. नव्या मोटारीत धुराच्या नळीत सेन्सर बसलेला असतो, तो हे ओळखून इंजेक्टरला जास्त पेट्रोल सोडायला सांगतो. कार्बोरेटरला सांगणारं कुणी नाही. जेटचं भोक शुद्ध पेट्रोलसाठी कोरलेलं, त्यातून तेवढंच इंधन जातं, आणि मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं. व्यासावरून आकडा दिलेल्या जेटांत बोलायचं, तर १४० च्या जागी १४५ च्या आसपासचा जेट लागेल, एवढा हा फरक आहे. कारखान्यातून इंजिन जरा दाटाकडे झुकवूनच पाठवतात, शिवाय इथेनॉल बाष्प होताना आतली आच थोडी शोषून घेतं, म्हणून इंजिनं पटापट बसत नाहीत. पण हाताशी होती ती सवलत आता संपलेली असते. त्यात जानेवारीची थंड पहाट आली, थंड हवा दाट असते, मिश्रण आणखी पातळ होतं. त्यात जेटच्या कडेला जरा चिकटा बसला. मग पहिल्या परिच्छेदातली गोड चाल सुरू होते.

याहून वाईट गोष्ट टाकीत घडते. इथेनॉल पाणी ओढतं. कोकणच्या हवेत, अर्ध्या भरलेल्या डब्यात, झाकणाच्या हवेच्या भोकातून दमट हवा आतबाहेर करत राहते, वर लाटांचे शिंतोडे. पाणी एका मर्यादेपर्यंत विरघळलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. डब्यातून ओढणारी नळी तळाशीच असते. आणि ऑइल? ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. म्हणजे इंजिनाच्या तोंडी येतं पाणी-इथेनॉलचं मिश्रण, ज्यात वंगणाचा थेंब नाही. इंजिन लगेच बंद पडलं तर नशीब. चालत राहिलं तर बेअरिंग जातं.

शिवाय नळ्या, प्रायमरचा रबरी गोळा, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, नीडलचं टोक. जुन्या रबराला हे इंधन फुगवतं किंवा ठिसूळ करतं. मिस्त्रींनी दाखवलेल्या एका पंपाचा डायफ्रॅम बाहेरून ठणठणीत दिसत होता, बोटांनी ताणला तर कडेने सुटत गेला. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटीही दिसू लागली आहे. पाणी आणि इथेनॉल मिळून ॲल्युमिनियम-जस्ताला खातात, त्याची ती खूण.

होडीच्या इंजिनांचे मोठे उत्पादक आपल्या पुस्तिकांत जास्तीत जास्त दहा टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देतात. अमेरिकेत पंधरा टक्क्यांचं पेट्रोल विकतात, पण त्या पंपावर होडीत वापरू नका अशी सक्तीची चिठ्ठी असते. आपल्याकडे वीस टक्के आहे आणि चिठ्ठी नाही. इथेनॉलला माझा विरोध नाही. महाराष्ट्रातल्या ऊस-शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, हे मोठंच आहे. पण एका शेतकऱ्याचा फायदा करताना किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कष्टकऱ्याचं इंजिन कुणी हिशेबातच धरलं नाही, हे धोरण आखणाऱ्यांचं काम अर्धवट झाल्याचं लक्षण आहे.

यात मिस्त्रींची बाजूच तेवढी खरी असं नाही. कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक हे घाणेरडं यंत्र आहे. नवं मिश्रण आत येत असतानाच धुराची वाट उघडी असते, त्यामुळे इंधनाचा साधारण चौथा हिस्सा न जळताच पाण्यात जातो. मंद चालीवरच्या होडीमागे पाण्यावर जे इंद्रधनुष्य पसरतं ते हेच. अमेरिकेत १९९६ च्या नियमांनी ही इंजिनं हळूहळू बाजारातून काढली गेली, टाहो सरोवरावर १९९९ पासून बंदीच आली. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहे, १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं आहे, आणि त्याच पाण्यावर ही इंजिनं धूर सोडत असतात. फोर-स्ट्रोक, इंजेक्शनचं इंजिन स्वच्छ आहे, पेट्रोलही कमी खातं. ते यावंच. पण ते महाग आहे, जड आहे, फळीवरून दोघांनी उचलून घरी नेता येत नाही, आणि खाऱ्या हवेत त्याचा इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला तर तंगूस आणि स्क्रू-ड्रायव्हर कामाचे नाहीत. लहान मासेमाराला कर्ज, सबसिडी आणि जवळपास सर्व्हिस सेंटर मिळेपर्यंत टू-स्ट्रोक चालणारच आहे. चालणारच असेल तर नीट चालावं. दाटाच्या बाजूला अर्धा पाव फेरा ठीक, पण तीन फेरे दाट ठेवून धुराचे लोट सोडणारे मालकही मी पाहिले, आणि त्याला ‘सेफ्टी’ म्हणणारे मिस्त्रीही.

जाणकार हात मात्र कमी होत चालले आहेत. त्याचं कारण किनाऱ्यावर नाही, गावातल्या गॅरेजात आहे. मिस्त्रींची पिढी कार्बोरेटर शिकली ती स्कूटरवर. सकाळी अंगणात स्कूटर वाकडी करून मग किक मारणारे वडील ज्यांनी पाहिलेत, त्यांना वाटीतलं पेट्रोल आणि चोक या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. दहावी झालेला पोरगा गॅरेजात लागायचा, दोन वर्षं जेट साफ करायचा, मग कान तयार व्हायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास गेला. आता गॅरेजातला पोरगा स्कॅनर लावतो. तो हुशार आहे, पण त्याच्यासमोर शिंकणारं इंजिन येतच नाही. उद्या होडीवाल्याकडे कार्बोरेटर असेल आणि गावात तो ऐकणारा कुणी नसेल.

यावर करण्यासारखं फार अवघड नाही. तेल कंपन्यांनी मालवण, वेंगुर्ले, हर्णे, अलिबाग अशा बंदरांजवळच्या पंपांवर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल ठेवावं. ते जमत नसेल तर निदान पंपावर होडीवाल्यांसाठी मराठीत सूचना लावावी. इंजिन विकणाऱ्यांनी ई-२० साठी कोणता जेट आणि कोणता रबर-किट लागतो, ते मॉडेलवार छापून द्यावं, कारण आज प्रत्येक मिस्त्री आपल्या अंदाजाने जेट बदलतो आहे. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मत्स्यव्यवसाय विभागाने तिथे पावसाळ्यात आठवडाभराचा वर्ग घ्यावा, शिकवायला प्राध्यापकाबरोबर देवबागचा मिस्त्रीही बोलवावा आणि त्याला मानधन द्यावं. मालकांनी आपल्याकडून एवढं करावं: बंदीच्या दिवशी नळी काढून वाटी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवावं, जुनं पेट्रोल होडीत ठेवू नये, डबा भरलेला किंवा पुरता रिकामा ठेवावा, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा. तो एका बसलेल्या पिस्टनच्या तुलनेत फुकटच पडतो.

पुढची बंदी १ जूनला लागेल. एवढी सगळी कामं त्या एकसष्ट दिवसांत आरामात बसतात.